मळणीच्या ट्रॉलीतला स्टोव्ह

थांबा, थांबा! लगेच पंप मारायला बसू नका. आधी माझी चावी सैल करा, पोटातली जुनी हवा जाऊ द्या, मग बोलू. हां, असं.

मी एक पितळी स्टोव्ह. पंपाचा, तीन पायांचा आणि उजव्या कुशीला पोचा असलेला. तो पोचा कसा पडला हे मी सांगणारच आहे, कारण माझ्या अंगावर दागिना म्हणावा असा तोच एक. तुम्ही मला माळ्यावर किंवा भंगारच्या गाडीवर पाहिलं असेल, तर तो मी नव्हे. तो माझा कोणी भाऊबंद असेल. मी अजून कामावर आहे.

जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यातला. पितळेचा पत्रा दाबून माझी टाकी झाली, वर बर्नर बसला, पोटात कातडी वॉशरचा पंप गेला. तपासणाऱ्यानं एकदा पेटवून पाहिलं, मी असा काही भर्रर्र आवाज केला की तो म्हणाला, "हा बोलका आहे." मग गवतात गुंडाळून खोक्यात, खोक्यातून मालमोटारीत आणि तिथून थेट जालन्याला, बद्रीनाथशेठच्या भांड्यांच्या दुकानात. जालना जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता आणि शेठ दर गिऱ्हाइकाला "जिल्ह्याच्या गावाला शोभेल असा माल" म्हणून काहीही दाखवायचे. मी मात्र वरच्या फळीवर धूळ खात बसलो होतो.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत केदारखेड्याची एक बाई दुकानात शिरली. गोपिकाबाई तिचं नाव. उंच, कोरडी, कपाळावर आडवं मोठं कुंकू. मागे तिचा नवरा धुळाजी. धुळाजीकडे ट्रॅक्टर होता आणि मळणीचं मशीन होतं. सुगीच्या दिवसांत हे मशीन गावोगाव फिरायचं. बदनापूरकडून सुरुवात, मग केदारखेडा, शेवटी जाफराबादच्या बाजूला. आठ माणसांची टोळी महिना-दीड महिना ट्रॉलीतच राहायची. वर ताडपत्री, खाली कडबा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप.

"फिरत्या ट्रॉलीत भाकरी करायच्या हायेत," बाईनं शेठला सांगितलं. "आठ माणसांच्या. दाखवा काय काय हाये ते."

शेठनं आधी वातीचा स्टोव्ह काढला. आवाज नाही, कटकट नाही, दिसायला गोजिरवाणा. पेटवून दाखवला. बाईनं मान हलवली आणि विकायला ठेवलेल्या टेबलफॅनकडे बोट केलं.

"त्यो पंखा ह्याच्यावर सोडा बरं."

"आगं, स्टोव्ह घ्यायलीस का पंखा?" धुळाजी ओशाळून म्हणाला.

"शेतातला वारा काय इचारून येतो का? सोडा, शेठ."

पंखा फिरला आणि वातीवाल्याची ज्योत लोळण घेऊन विझली. मग आली कोळशाची शेगडी. पंखा लागताच तिच्यातून ठिणग्या उडाल्या आणि शेठच्या धोतराला भोक पडलं. भुशाची शेगडी धुमसत राहिली, तिच्यातला विस्तव कधी विझला हेच कळेना. विजेची शेगडी तर शेठनं दाखवली कशाला, देव जाणे. ट्रॉलीत वीज कुठून यायची? शेवटी माझी पाळी. शेठनं धूळ पुसली, काकडा पेटवला, पंप मारला. मी दोन वर्षं गप्प बसलो होतो. असा गर्जलो की समोरच्या फळीवरची झाकणं वाजायला लागली. पंखा सोडला, ज्योत थोडी कलली, पण विझली म्हणून नाही, आणि ठिणगी एकही उडाली नाही.

तरी बाईची परीक्षा संपली नव्हती. तिनं माझ्यावर तवा ठेवला आणि दोन्ही हातांनी जोर देऊन दाबला. मी माझ्या तीन पायांवर ठाम.

"हा बराबर हाये," ती म्हणाली. आयुष्यात एवढा अभिमान मला नंतर फार वेळा वाटला नाही.

आता ही बाई एवढी का हटून बसली होती, ते सांगतो. मला ते परतीच्या एसटीत कळलं. तिच्या मांडीवर खोक्यात बसून मी नवरा-बायकोचं बोलणं ऐकत होतो. मशीन ज्याच्या शेतात लागेल त्यानं टोळीला जेवू घालायचं, अशी त्या भागाची रीत. मोठ्या घरात चार सुना असतात, भाकरीचा ढीग पडतो. पण एकटी-दुकटी बाई आठ दांडग्या माणसांच्या तीस भाकरी दोन्ही वेळा कशी थापणार? म्हणून अशांचा नंबर नेहमी शेवटी. गोपिकाबाईची सोनूबाई मावशी जाफराबादच्या रस्त्याला राहायची. पोरबाळ नाही, नवरा गेलेला, चार एकर ज्वारी. आदल्या वर्षी धुळाजीच म्हणत राहिला, मावशीकडं जेवणाचे हाल होतील, तिचं शेवटी घेऊ. शेवट यायच्या आत गारा आल्या. खळ्यावरची कणसं काळी पडली, आणि मावशी वर्षभर भाचीच्या घरून आलेल्या दाण्यावर जगली.

"आपलंच मशीन आसून माझ्या मावशीची ज्वारी सडली," गोपिकाबाई म्हणाली. "औंदा म्या येते ट्रॉलीत. चूल आपली आसली मंग कोणाचा नंबर कामून मागं पडंल?"

"बाईमाणसानं मशीनमागं फिरायचं? लोक काय म्हणतील?"

"तुमची माय मेंढ्यांमागं घोड्यावर चूल बांधून आठ महिने फिरली, तवा लोक काय म्हनले?"

धुळाजी खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती, ह्याची त्याला कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. मग तो म्हणाला, "एक शेत बघू. मालकाला पटलं न्हाई तर स्टोव्ह घरी आन् तू बी घरी."

म्हणजे पहिल्या शेतावर माझी, बाईची आणि त्या मावशीची, सगळ्यांचीच परीक्षा होती.

निघण्याआधी गोपिकाबाईनं गोडेतेलाचा मोठा डबा वरून कापून घेतला, एका बाजूला हात जाईल एवढी खिडकी ठेवली, खाली हवेला भोकं पाडली. त्यात मी बसायचो आणि वर तवा. वाऱ्याला वाटच नाही. तो डबा म्हणजे माझं घर. मला तेव्हा ते फार तोऱ्याचं वाटलं.

पहिलं शेत काकासाहेबांचं, बदनापूरजवळ. मोठे बागायतदार, आवाज विहिरीतून घुमल्यासारखा. त्यांनी ट्रॉलीत मला पाहिलं आणि मिशीला हात गेला.

"धुळाजी, हे काय आणलं?"

"स्टोव्ह हाये, काकासाहेब. बायको भाकरी करंल म्हन्ली."

"काऊन? आमच्या घरचं अन्न तुमच्या माणसांना चालत न्हाई का? आन् खळ्यावर विस्तव? आमच्या चुलत्याचं खळं एका विडीच्या थोटकानं गेलं, ते इसरला का? बिलकुल चालणार न्हाई. उचला मशीन!"

बघा, चूक आमचीच होती. मालकाला न विचारता चूल घेऊन त्याच्या शेतात उतरायचं म्हणजे त्याच्या घरावर अविश्वास दाखवणं, हे आमच्यातल्या कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. टोळीचा ड्रायव्हर भुजंग ट्रॅक्टर परत चालू करायला निघाला. काकासाहेबांनी नाही म्हटलं की त्या पट्ट्यातले बाकीचे दहा शेतकरीही नाही म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धुळाजीनं बायकोकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं, परत फळीवर.

गोपिकाबाई ट्रॉलीतून उतरली. पदर नीट केला आणि खळ्याच्या कडेनं वाहणाऱ्या पाटाकडे गेली.

"काकासाहेब, पाटाच्या पल्याड ट्रॉली लावते. वारा आडवा हाये, भुसकट हिकडं येत न्हाई आन् आमची धग तिकडं जात न्हाई. स्टोव्हमधी आन् खळ्यामधी कायम पाणी राहील. ज्या दिशी न्हाई राहणार, त्या दिशी स्टोव्ह पेटणार न्हाई. शब्द हाये माझा."

काकासाहेबांनी वाऱ्याचा अंदाज घेतला, पाट पाहिला. विस्तवाचं त्यांना पटलं असावं, पण मानाचा प्रश्न राहिलाच होता.

"आन् अन्नाचं म्हणाल, तर आमच्या सासूबाई खतासाठी मेंढ्या बसवायला ज्याच्या वावरात जायच्या, त्याच्या घरचं पीठ घ्यायच्या आन् आपल्या चुलीवर भाजायच्या. तसंच करू. पहिली भाकर वैनींच्या हातची. ती आठ जणांत वाटल्याबिगर आमचा एक बी माणूस दुसऱ्या भाकरीला हात लावणार न्हाई."

वैनी म्हणजे काकासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. दरवर्षी चार दिवस धुरात बसून भाकरी थापायचं काम त्यांचंच होतं. नवऱ्याच्या होकाराची वाट न बघता त्या पिठाची परात घेऊनच पाटाकडे आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"कसा पेटवायचा गं हा? दाखव जल्दी."

मी पेटलो. द्वारकाबाईंची भाकरी तव्यावर पडली, टम्म फुगली. आठ तुकडे झाले. काकासाहेब लांबून बघत होते. मग भुजंगाला म्हणाले, "आता काय मुहूर्त बघतो का? मशीन लाव." जिंकलो! त्या दिवशी गोपिकाबाईनं अठ्ठावीस भाकरी केल्या आणि जेवायला म्हणून मशीन अर्धा तासही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी ठेच्याचा गोळा पाठवला, तोही कोणी न सांगता.

त्या पट्ट्यातल्या सगळ्या शेतांत मग असंच झालं. पाटाच्या पलीकडे ट्रॉली, पहिली भाकर घरधनिणीची, बाकीच्या आमच्या. बायकांमध्ये माझं नाव झालं. पुरुष मात्र सांगायचे, "आम्हीच म्हनलो धुळाजीला, स्टोव्ह आण म्हणून." माणसांची ही खोड मला फार मजेची वाटते.

खरी कसोटी मार्चमध्ये आली. सोनूबाई मावशीचा नंबर जाफराबादकडच्या यादीत जिथे होता तिथेच, नववा. धुळाजीनं तो मागे ढकलला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा आभाळ उत्तरेकडून काजळ फासल्यासारखं झालं होतं आणि वारा सुटला होता. मावशी खळ्यावर एकटीच उभी, हातात ताडपत्री म्हणून शिवलेली खताची रिकामी पोती.

"ये गं माय," ती म्हणाली, आणि लगेच, "पण मी काय घालू तुमच्या माणसांना? पायलीभर बी पीठ न्हाई."

टोळी सकाळपासून उपाशी होती. आदल्या शेतातून घाईनं निघालो होतो. मशीनच्या तोंडात कणसं घालणाऱ्याला भोवळ आली तर हात जातो, म्हणून भुजंग उपाशी माणसाला मशीनजवळ उभा करत नसे. खाल्ल्याशिवाय मळणी नाही, आणि मळणी झाली नाही तर गेल्या वर्षीचंच पुन्हा.

आणि शेत कोरडवाहू! पाट नाही, हौद नाही, विहीर नाही.

"पेटव हितंच," धुळाजी म्हणाला. "डबा हाये, ठिणगी उडत न्हाई. कोण बघून राह्यलंय?"

गोपिकाबाईनं एकदा मावशीच्या कणसांच्या ढिगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटत होतं, पेटवावं. मी ठिणगी टाकणार नाही हे मला ठाऊक होतं. पण ती म्हणाली, "शब्द दिल्ता म्या. ओढ्यावर चला."

दोन वावरं ओलांडून ओढा होता. त्यात गुडघाभर डबकं उरलं होतं. ट्रॉली पलीकडच्या काठावर सोडून ट्रॅक्टर मशीन लावायला परत गेला. बाईनं मला डब्यात बसवलं, काकडा पेटवला, पंप मारला आणि मी फुसफुसलो. फक्त फुसफुसलो! राशनच्या रॉकेलातला कचरा माझ्या नळीत अडकला होता. आयुष्यात मला कधी लाज वाटली असेल तर त्या क्षणी. बाईनं हवा सोडली, मंगळसूत्रात अडकवलेली पिन काढली, भोकात टोचली, पुन्हा पंप. वारा तर असा की घरून ट्रॉलीत आणलेलं परातीतलं पीठ उडत होतं. मी घशातला तो कण थुंकला आणि जालन्याच्या दुकानात गर्जलो होतो त्याच्या दुप्पट गर्जलो.

मावशी धावत आली. ओच्यात तिचं होतं नव्हतं ते पीठ.

"पहिली माझी," ती धापा टाकत म्हणाली. "मालकीण हाये मी वावराची."

तिची भाकरी पातळ, कपभर पिठाची. गोपिकाबाईनं तिचे आठ तुकडे केले, टोपलीत सगळ्यांत वर ठेवले. मग दोघी आळीपाळीनं भाकऱ्या करत राहिल्या आणि दोघींपैकी एक जण पळत टोपली खळ्यावर पोहोचवत राहिली. चौघं खाताहेत, चौघं मशीनवर. मग पाळी बदलायची. मशीन एकदाही थांबलं नाही. मला ओढ्यापलीकडून त्याचा धडधडाट ऐकू येत होता आणि मी माझा भर्रर्र त्याच्या सुरात मिसळत होतो.

शेवटचं पोतं शिवलं तेव्हा भुजंग ट्रॉलीकडे पळत आला, माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली आणि घेऊन गेला. मावशीच्या पोत्यांखाली कडबा, वर आमची ताडपत्री, कडेला दगड. लगेच गारा आल्या. माणसं मशीनखाली, गोपिकाबाई ट्रॉलीखाली, आणि मी उघड्यावर. सुपारीएवढ्या गारा डब्याच्या खिडकीतून आत येत होत्या. एक मोठी थेट माझ्या कुशीत बसली. हाच तो पोचा. ठोकून सरळ करतो म्हणणारे पुष्कळ भेटले, बाईनं कोणालाही हात लावू दिला नाही.

पाऊण तासानं थांबलं. मावशीनं ताडपत्रीचं टोक उचललं, पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे काढले. कोरडे. पांढरेशुभ्र. ती मोठ्यानं हसायला लागली आणि हसता हसता भिजलेल्या धुळाजीच्या तोंडावरून हात फिरवला. धुळाजीला रडू आलं. मलाही आलं असतं, पण माझ्या टाकीत रॉकेल होतं.

त्यानंतर एकवीस सुगी झाल्या. मी वॉशर बारा वेळा बदलला, बर्नर तीन वेळा, पाय एकदा डागले. जाफराबाद ते बदनापूर, एकट्या बायांचे नंबर जिथले तिथे लागले. गोजरबाई, उषाबाई, नंदाबाई, प्रत्येकीची पहिली भाकर मी भाजली आहे. कोणाची जाड, कोणाची करपलेली, पण सगळ्या मालकिणीच्याच हातच्या.

दोन हजार चार साली रॉकेल मिळेनासं झालं. गोपिकाबाईची सून इंद्रायणी म्हणाली, ट्रॉलीसाठी छोटी गॅसची शेगडी घेऊ. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बाईनं मला पिशवीत घातलं आणि दोघी त्याच दुकानात गेल्या. गल्ल्यावर आता शेठचा मुलगा होता. बाईनं मला काउंटरवर ठेवलं.

"ह्याच्यासारखी पाहिजे. आन् आधी पंखा लावा."

मुलगा हसला, पण आतून म्हातारे बद्रीनाथशेठ ओरडले, "लाव रे, लाव! माझ्या धोतराला भोक पाडणारी बाई आली!" पहिल्या दोन शेगड्या विझल्या आणि गॅसचा वास सुटला. तिसरीला खोल कडं होतं, ती टिकली. इंद्रायणीनं तिच्यावर तवा ठेवून दोन्ही हातांनी दाबला. मला बरं वाटलं. सून तयार झाली होती.

माझा डबा नव्या शेगडीला मिळाला. आणि मी?

"पहिली भाकर ह्याच्यावरच," गोपिकाबाईनं ठरवून टाकलं. "एका भाकरीपुरतं रॉकेल कुठून बी आणता येतं."

आता गेल्या मार्चमधली गोष्ट सांगतो. बदनापूरचं शेत, काकासाहेबांचं. द्वारकाबाई वारल्या, मुलं शहरांत गेली. म्हातारा एकटा बांधावर उभा होता. आवाज तोच, फक्त आता तो लांब पोहोचत नव्हता.

"धुळाजी, माझ्याकडं शेवटी ये बाबा. घरात भाकर टाकणारं कोणी न्हाई."

धुळाजी काही बोलायच्या आत गोपिकाबाई ट्रॉलीतून उतरली. केस पिकलेले, पदर तसाच नीट केलेला.

"काकासाहेब, तुमचा नंबर आज हाये. आज लागंल."

म्हातारा पाटावर गेला आणि दंडापर्यंत हात धुतले. पीठ आणलं, माझ्यासमोर बसला. ज्या माणसानं जन्मात कधी पिठाला बोट लावलं नव्हतं, तो भाकरी थापायला लागला! एकदा तुटली, परत गोळा केली. तव्यावर टाकायच्या आधी थबकला, मान वळवून मागे पाहिलं आणि विचारलं, "मधी पाणी हाये ना?"

"हाये, काकासाहेब. पाट वाहून राह्यला."

मग त्यांनी भाकरी टाकली. एक कड तुटलेली, एक बाजू कच्ची. भुजंगानं आठ तुकडे केले. कोणी हसलं नाही, सगळ्यांनी खाल्ले, आणि भुजंग म्हणाला, "मालक, वैनींच्या वळणावर गेली बघा भाकर." काकासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि एकदम जुन्या आवाजात गरजले, "मुहूर्त बघता का? मशीन लावा!"

तर मंडळी, माझं मागणं फार नाही. वॉशरला वर्षातून एकदा गोडेतेलाचा थेंब द्या, पिन मंगळसूत्रात राहू द्या, माझ्यात आणि खळ्यात पाणी असू द्या. आणि चावी आता आवळा, पंप मारा. इंद्रायणी हाक मारतेय, पुढचं शेत आलंय. तिथेही एकटीच बाई आहे म्हणे, आणि त्या गावात तिचा नंबर पहिला लागलाय.